दादा, जागा मिळाली

१

निकालपत्रकं शाळेत द्यायची होती, आणि गजेंद्रचा लॅपटॉप एकेक आकडा असा घेत होता जसा आजारी माणूस काढ्याचा घोट घेतो. गुण लिहायचे, हात उचलायचा, वाट पाहायची. गजेंद्रच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. त्यामुळं त्याचं टाइप करणं तसंही सावकाश. पण त्या दिवशी मशीन त्याच्याही मागं पडलं होतं. पंखा घरघरत होता, आतली डिस्क कुरकुरत होती. शेवटी त्यानं हरिओमला फोन लावला.

हरिओम धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. याच घरात माडीवर राहायचा आणि मोताळ्याच्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. लोकांनी भंगारात काढलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो ते परत चालते करायचा. गजेंद्रचाही त्यानंच केला होता.

“कुठं हायेस?”

“बसमध्ये. बुलडाण्याले जाऊन राह्यलो, सामान आणाले. बोल.”

“हे पुन्हा अडकलं. म्हातारं झालं रे आता. नवं घ्याव म्हणतो.”

“म्हातारं नाही झालं दादा, तू त्याच्या डोक्यावर लई ओझं देल्लं. ब्राउझरात किती पानं उघडी ठेवली?”

“असतील चार-सहा.”

“वहिनीले विचार. त्या खरं सांगतीन.”

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून जयमाला ओरडली, “चाळीस असतीन भाऊजी! एकबी बंद करत नाहीत. जुनी रद्दीबी अशीच सांभाळतात.”

हरिओम मोठ्यानं हसला. मग म्हणाला, “बसचा आवाज लई हाये. मी मोबाइलवरून आत येतो. तू फक्त चालू ठेव. बॅटरी मेलेली हाये तुयी, चार्जरची पिन हलू देऊ नोको.”

पडद्यावर काळी खिडकी उघडली. ही खिडकी दोघांना दिसायची. हरिओम तिकडून लिहायचा आणि इकडं अक्षरं उमटायची. मशीनसाठीच्या आज्ञा तो भराभर लिहायचा. मधूनच एखादी ओळ दादासाठी असायची. अशा ओळीच्या सुरुवातीला तो # हे चिन्ह टाकायचा. ते टाकलं की मशीन ती ओळ सोडून देतं, ती फक्त माणसानं वाचायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

# मेमरी भरली की मशीन सामान डिस्कवर टाकते. त्याले स्वॅप म्हणतात. पाव्हणे आले की आपण गोधड्या माडीवर टाकतो ना तसं. मंग एकेक गोधडीसाठी जिना चढा उतरा. म्हणून हळू.

मग त्यानं आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद केले, जड डेस्कटॉपच्या जागी हलका लावला, साठलेल्या फायली काढल्या. मध्ये बराच वेळ खिडकी स्तब्ध राहिली. राजूरचा घाट आला असेल, गजेंद्रला वाटलं. घाटात नेटवर्क जातं.

पंख्याची घरघर उतरली तेव्हा फोन वाजला. हरिओमचाच नंबर होता, आवाज दुसऱ्याचा.

“मी कंडक्टर बोलून राह्यलो, बुलडाणा स्टँडवरून. या मोबाइलात हा नंबर दादा म्हणून हाये. तुमीच दादा काय?”

“हो.”

“लवकर या साहेब. घाटाच्या आधीच खिडकीले डोकं टेकलं होतं त्यांनी. मले वाटलं झोपले. स्टँडवर उठवाले गेलो त...”

कंडक्टर पुढं बरंच बोलत होता. गजेंद्र पडद्याकडं पाहत होता. काळ्या खिडकीत अक्षरं उमटत होती, एकेक, हरिओमच्या नेहमीच्या वेगानं.

# आता हलकं वाटते काय दादा

फोन कंडक्टरच्या हातात होता.

२

घाटात अडकलेलं नेटवर्क आलं की साचलेलं सगळं एकदम येतं. हे गजेंद्रला बुलडाण्याच्या वाटेवरच सुचलं आणि त्यानं ते घट्ट धरून ठेवलं. तो गणिताचा शिक्षक होता. गोष्टीला कारण असतं आणि कारण सापडेपर्यंत माणसानं तोंड मिटून असावं, असं त्याचं मत होतं.

अग्नी त्यानंच दिला. दुसरं कोण होतं?

संध्याकाळी दिव्याची वेळ झाली. जिथं जीव गेला तिथं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, वर टोपली झाकायची आणि सकाळी पाहायचं की पिठात कशाचं पाऊल उमटलं. गेलेला ज्या योनीत शिरला तिची खूण उमटते म्हणतात. वडनेर भोलजीहून आलेली रुखमाआत्या परातीत पीठ घेऊन उभी होती आणि तिची पंचाईत झाली होती.

“पोरगं त बसमध्ये गेलं. आता बसमध्ये जाऊन दिवा लावू काय? कोठी लावू?”

“माडीवर लाव, त्याच्या खोलीत,” कोणीतरी म्हणालं.

“खोलीत झोपाले जाये तो. जीव कोठी होता त्याचा अखेरीले, ते सांगा.”

गजेंद्रला फार थकल्यासारखं झालं होतं. आत्याला एकदाचं उत्तर मिळावं म्हणून, आणि ते खरंही होतं म्हणून, त्यानं आपल्या टेबलाकडं बोट केलं.

“इथं. अखेरीस तो इथं काम करत होता.”

गजेंद्रची ती खोली पूर्वी धान्याची होती. एकच दार, आणि छताजवळ हात पोचणार नाही अशी एक खिडकी. टेबलावर लॅपटॉप चालूच होता. जयमाला म्हणाली, हा बंद तरी करा. गजेंद्रनं नुसता पडदा अर्धा खाली केला. काळ्या खिडकीतली ती शेवटची ओळ बंद केल्यावर गेली असती, आणि ती जावी असं त्याला वाटत नव्हतं. आत्यानं लॅपटॉपला खेटूनच परात ठेवली, तळहातानं पीठ सारखं केलं, दिवा लावला, टोपली झाकली.

“आता या खोलीत कोणी पाय टाकू नोका,” ती म्हणाली आणि बाहेरून कडी घातली.

३

सकाळी टोपली आत्यानंच उचलली. गजेंद्र आणि जयमाला तिच्या मागं उभे होते.

पिठात हात उमटला होता. पुरुषाचा, डावा. चार बोटं पूर्ण होती आणि तर्जनी अर्धी.

जयमालेनं गजेंद्रकडं पाहिलं. “तुमी आलते काय इथं?”

“कडी आत्यानं उघडली ना आत्ता.”

“संध्याकाळी लागला असंल. झाकायच्या आधी.”

“हाव,” गजेंद्र म्हणाला. “लागला असेल.”

झाकायच्या आधी पीठ आत्यानं स्वतः सारखं केलं होतं. तिनं परात उचलली, दोनदा हलवली, ठसा मोडला. बाहेर जाताना ती गजेंद्रच्या जवळून गेली नाही. खोली लहान होती, तरी भिंतीला अंग घासत गेली.

ओट्यावर पुरुषमाणसं विचारत होती, काय उमटलं, पाखरू का गाय? आत्या म्हणाली, “काही नाही उमटलं.” त्याच दुपारी ती वडनेरला निघून गेली. गुडघ्याचं औषध घरी राहिलं म्हणाली.

४

निकालपत्रकं गजेंद्रनं सुतकातच पूर्ण केली. बसायला काहीतरी कारण हवं होतं. आणि मशीन आता असं चालत होतं की त्यालाच संकोच वाटावा. आकडा लिहायच्या आत उमटलेला. डिस्कची कुरकुर नाही, पंखा जवळजवळ गप्प. इतक्या जुन्या लॅपटॉपला हे शक्य नाही, एवढं त्यालाही कळत होतं. मेमरी तेवढीच होती. डिस्क तीच होती.

आत कोण कोण आहे हे विचारायची आज्ञा हरिओमनं त्याला शिकवली होती. ती त्यानं दिली. दोन नावं आली. एक त्याचं, एक हरिओमचं.

हरिओमचा मोबाइल लोखंडी कपाटात होता, बंद. गजेंद्रनं जाऊन पाहिला. काच तडकलेली, अंग थंड. मग तो दुकानावर गेला. कुलूप लावलेलं, उघडून पाहिलं तर आतला मेन स्विच खाली. तिथूनही काही चालू नव्हतं. परत येताना त्याला कारण सापडलं: हरिओम कामं लावून द्यायचा. अमक्या वेळी हे साफ कर, तमक्या वेळी ते बंद कर, असं लिहून ठेवलं की मशीन एकटंच करत राहतं. नावही त्याचंच दिसणार.

हे कारण चांगलं होतं. त्यानं शांतपणे खुर्चीत बसून मेमरीचा हिशेब मागवला. मेमरी मोकळी होती. सगळं सामान स्वॅपमध्ये गेलं होतं. म्हणजे डिस्कवर. पण स्वॅपचा आकडा त्याला नीट वाचता येईना. तो पुन्हा पुन्हा अंक मोजत होता. स्वॅप अख्ख्या डिस्कपेक्षा मोठा होता. डिस्कच्या दिव्याकडं त्यानं पाहिलं. तो विझलेला होता. डिस्कवर कुणी काही लिहीत नव्हतं.

घागरीत घागरीपेक्षा जास्त पाणी मावत नाही. मग सामान कुठं चाललं होतं?

त्यानं भिंतीवरच्या राउटरची वायर उपसली. आता बाहेरून कोणालाही आत येता येणार नव्हतं. त्यानं पाहत राहायचं ठरवलं आणि पाहत राहिला.

काळ्या खिडकीत पुढचं अक्षर उमटतं तिथला चौकोनी ठिपका लुकलुकत होता. मग तो चालू लागला.

# दादा जागा मिळाली

५

“तुमचं लक्ष कुठं हाये?” जयमाला विचारत होती. ताट समोर होतं, भाकरी गार झाली होती. तिनं काहीतरी विचारलं होतं आणि ते त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला होता. हल्ली असं व्हायचं. शब्द ऐकू यायचे, मग तो थांबायचा, मग कुठूनतरी लांबून अर्थ आणावा लागायचा.

“बोल ना.”

“दहाव्याची पत्रावळ आणा म्हणलं. तिसऱ्यांदा सांगून राह्यली.” तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. “अंग किती तापलं तुमचं! आन् घाम नाही.”

“ताप नाही. जड वाटते फक्त.”

“रडा एकदा मोकळं. तुमी रडलेच नाही.”

त्यानं आठवून पाहिलं. रडायला काहीतरी हवं होतं, एखादा प्रसंग, हरिओमचा चेहरा. जे आलं ते वेगळंच होतं. खिडकीची सळई कपाळाला गार लागत होती. पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं नाव कोरलं होतं. छातीत उजवीकडं दुखत नव्हतं, डावीकडंही नव्हतं, मधोमध कुणीतरी गुडघा रोवला होता. हाक मारायची होती, पण हाक मारायला जेवढा श्वास लागतो तेवढा नव्हता. बोटं मात्र चालत होती. एवढं संपवून टाकू, मग दादाला सांगू.

गजेंद्र त्या बसमध्ये नव्हता. त्यानं ते कुणाकडून ऐकलंही नव्हतं.

पुण्याहून मुलीचा फोन आला. काजल नोकरीला होती, अंत्यविधीला येऊन परत गेली होती, दहाव्याला पुन्हा येणार होती.

“पप्पा, जेवले का?”

तो थांबला. आवाज ओळखीचा होता. त्याला जिना चढून जावं लागलं, असं वाटलं, आणि वरून त्यानं आणलं.

“काजू, तू कवा येतं वो माय?”

“पप्पा,” काजल हळूच म्हणाली, “मला काजू तर काका म्हणायचे.”

“हाव. आठवण आली म्हणून म्हणलं.”

फोन ठेवल्यावर त्यानं तिचं लहानपण आठवायचा प्रयत्न केला. तिला पहिल्यांदा शाळेत सोडलं तो दिवस. तिथं काही नव्हतं. दुःख झालं नाही. नुसती मोकळी जागा होती, झाडून घेतलेली.

६

त्या दुपारी लॅपटॉप बंद करायचं त्यानं ठरवलं. जयमाला पिंडांसाठी तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज ओसरीवरून येत होता. ऊन इतकं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धान्याच्या खोलीत मात्र गारवा होता आणि आवाज अजिबात नव्हता. पंखासुद्धा थांबला होता. चालू मशीनचा पंखा थांबत नाही. गजेंद्रनं कान जवळ नेला. घरघर त्याला ऐकू आली, पण ती त्याच्याच छातीतून येत होती.

बटण भिंतीवर होतं, खुर्चीतून हात लांबवला की पोचेल एवढ्यावर. बॅटरी मेलेली, त्यामुळं बटण दाबलं की मशीन तिथंच संपलं असतं.

त्यानं विचार केला. विचार अजून जमत होता, सावकाश, पण नीट. मशीन बंद झालं की स्वॅपमधलं परत येत नाही; हे हरिओमनंच शिकवलं होतं. म्हणजे हरिओमचं जे काही इथं ठेवलेलं आहे ते गेलं. भाऊ पुन्हा गेला, आणि या वेळी आपल्या हातानं. आणि पाव्हण्याला जागा करायला आपलं जे बाहेर काढलं गेलं, तो काजलचा शाळेचा दिवस, ते तरी कुठून परत येणार? न बंद करावं तर रोज थोडं जाणार. आज काजल. उद्या आई. मग ही ओसरीवर सूप घेऊन बसलेली बाई.

दोन्ही बाजूंनी दार एकच होतं आणि ते बाहेरून लावलेलं होतं.

तरी त्यानं हात उचलला. पुन्हा भान आलं तेव्हा सुपाचा आवाज थांबलेला होता. छताजवळच्या खिडकीतलं ऊन भिंतीवरून पार सरकून गेलं होतं. हात बटणापाशी नव्हता. पडद्यावर ओळी होत्या, पडदा भरून, वर सरकत गेलेल्या. सगळ्यांच्या आधी तेच चिन्ह होतं. म्हणजे सगळ्या माणसासाठी होत्या.

# दादा नोको

# दादा थोडंच राह्यलं

# दादा इथं काहीच दिसत नाही

# दादा तू हाये ना

आणि कीबोर्डवरची बोटं त्याची होती. अर्धी तर्जनी सोडून बाकीची भराभर चालत होती, त्याला कधीच जमलं नव्हतं इतक्या भराभर.

७

दहाव्याला सकाळी जीप दारात येऊन थांबली. नळगंगेच्या काठी गुरुजी आणि न्हावी आधीच पोचले होते. काजल पहाटेच आली होती, तीही नदीवर पुढं गेली होती. ज्यानं अग्नी दिला त्यानंच पिंड ठेवायचे, म्हणून गजेंद्रशिवाय काही सुरू होणार नव्हतं. पिंड ठेवले, कावळा शिवला, की हरिओम मोकळा. आणि तोही मोकळा. हे त्याला माहीत होतं. जयमालेनं काल त्याच्यासमोर बसून, लहान मुलाला सांगतात तसं, ते त्याला दोनदा सांगितलं होतं.

त्यानं आंघोळ केली होती, धोतर नेसलं होतं. जयमाला पिंडांचं साहित्य पिशवीत घेऊन आली तेव्हा तो टेबलाशी बसलेला होता.

“चला.”

“हाव.”

“हाव नाही, उठा. गुरुजी दोन ठिकाणी जाणार हायेत. उन्हं चढून राह्यली.”

तो उठला नाही. पाय होते, पण ते उचलायला जे लागतं ते वरच्या खोलीत कुठंतरी ठेवलेलं होतं, आणि जिना लांब होता.

जयमालेनं पिशवी खाली ठेवली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, लॅपटॉपकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. ती शाळा फार शिकलेली नव्हती. स्वॅप म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात पाव्हणा कधीचा बसून आहे हे बाईला कळतं.

“हेच हाये ना ते? हेच सोडत नाही ना तुमाले?” ती म्हणाली आणि दोन पावलांत भिंतीशी पोचली. तिचा अंगठा बटणावर टेकला.

“वहिनी, नोको!”

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला, पण तिनं ते दाबलं नाही. ती त्याच्याकडं वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलले, काहीतरी विचारायचं होतं तिला, आणि ते विचारू नये हेही तिला कळलं असावं. ती असं का पाहते आहे ते त्याला समजेना. तो काही वावगं बोलला नव्हता. त्यानं ओरडायलाही नको होतं खरं तर. त्या नेहमी चांगल्या वागत आल्या होत्या त्याच्याशी. गरम भाकरी झाकून ठेवायच्या.

“थोडंच राह्यलं,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला.

जयमालेनं हात मागं घेतला. पिशवी तिथंच टाकून ती भिंतीला लागून, त्याच्यापासून जेवढं दूर राहता येईल तेवढं राहून, दारापर्यंत गेली. ओट्यावरून तिचा आवाज आला. जीपवाल्याला ती काहीतरी सांगत होती. जीप सुरू झाली आणि रिकामीच गेली.

लॅपटॉप छान चालत होता. हरिओमचे पिंड ठेवायचे राहिले.